खड्ड्याची टेकडी

अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात ब्लॅक हिल्स नावाची डोंगररांग आहे. तिच्या दक्षिण टोकाला हॉट स्प्रिंग्ज नावाचं छोटं गाव आहे. आपल्याकडे गरम पाण्याच्या कुंडांवरून वज्रेश्वरी-गणेशपुरी ओळखली जाते, तसं हे गाव त्याच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवरून ओळखलं जातं. १९७४ सालच्या जून महिन्यात या गावाच्या कडेला घरांचा नवा प्रकल्प उभा राहायचा होता. जागेत एक बुटकी टेकडी आडवी येत होती. ती कापून जमीन सपाट केली की प्लॉट पाडायचे, रस्ते आखायचे, पाये खणायचे, असा साधा बेत होता.

टेकडी कापताना मशीनच्या पात्याला काहीतरी लागलं आणि ते उन्हात पांढरं चमकलं. चालक खाली उतरला. सुमारे सात फूट लांबीचा एक सुळा पात्याने उभा चिरला गेला होता आणि आजूबाजूला हाडं होती. त्या माणसाने ती हाडं आपल्या मुलाला दाखवली. मुलाने कॉलेजात भूशास्त्र आणि पुरातत्त्वाचे वर्ग केले होते. वडिलांच्या हाती लागलेलं हे प्रकरण गुराढोरांच्या हाडांचं नाही, एवढं त्याला कळलं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुणाला विचारायचं हे त्याला ठाऊक होतं. शेजारच्या नेब्रास्का राज्यातल्या चॅड्रन स्टेट कॉलेजात त्याला शिकवणारे प्राध्यापक लॅरी अ‍ॅगनब्रॉड यांच्यापर्यंत त्याने निरोप पोचवला.

या गोष्टीत नशिबाचा वाटा मोठा आहे, पण ती नुसत्या नशिबाची गोष्ट नाही. सुळा चमकला हे नशीब. चालकाने मशीन थांबवलं, हा त्याचा निर्णय. डंपर भरायचे असतात, दिवसाचं भाडं चालू असतं, मुकादम घड्याळाकडे बघत असतो. अशा वेळी मशीन बंद करून खाली उतरणं सोपं नसतं, हे बांधकामाच्या साइटवर चार दिवस काढलेला कुणीही सांगेल. जीवाश्मांच्या इतिहासात शास्त्रज्ञांची नावं राहतात. थांबलेल्या हातांची फारशी राहत नाहीत.

त्याच वर्षीच्या जुलैत पहिली छोटी तुकडी आली आणि थोड्याच दिवसांच्या खोदकामात चार ते सहा मॅमथांचे अवशेष उघडे पडले. मॅमथ म्हणजे हत्तीच्या कुळातला, आज पूर्ण नष्ट झालेला प्राणी. अमेरिकेत खाजगी जमिनीत सापडलेला जीवाश्म कायद्याने जमीनमालकाचा असतो. त्यामुळे आता चेंडू मालकाच्या अंगणात होता. त्याने घरांचं काम थांबवलं. पुढच्या वर्षी सुळ्यांसकट एक अख्खी कवटी मिळाली, आणि मग जमिनीत गुंतवले होते तेवढ्याच पैशांत ती जागा त्याने गावकऱ्यांनी स्थापन केलेल्या ना-नफा संस्थेला देऊन टाकली. घरं दुसरीकडे झाली असतील. ही टेकडी मात्र जागच्या जागी राहिली. १९८० साली तिला राष्ट्रीय नैसर्गिक स्थळाचा दर्जा मिळाला आणि १९८६ सालापर्यंत तिच्यावर कायमचं छप्पर चढलं. बहुतेक हाडं आजही जिथे सापडली तिथेच, अर्धी मातीत आणि अर्धी बाहेर, तशीच ठेवलेली आहेत.

आता ओळखीकडे वळू. ‘हे काय आहे?’ हा सापडलेल्या वस्तूला विचारला जाणारा पहिला प्रश्न. हत्तीच्या कुळाच्या बाबतीत त्याचं उत्तर दाढा देतात. मॅमथची दाढ हाताच्या वितीएवढी लांब, पावाच्या लादीसारखी जाडजूड असते, आणि तिचा वरचा पृष्ठभाग सपाट असतो. त्यावर आडव्या समांतर कडा असतात. नुकतीच टाकी लावून आणलेला पाटा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या दाढेचं रूप वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. कामही तेच: गवत रगडणं. त्याच काळात अमेरिकेत मॅस्टोडॉन नावाचा दुसरा एक सोंडवाला प्राणी होता. त्याच्या दाढेवर जोडीजोडीने उंच गाठी असतात, कारण तो मुख्यतः झाडांचा पाला आणि डहाळ्या खाणारा. दोन्ही दाढा शेजारी ठेवल्या तर शाळकरी मूलही त्या वेगळ्या करील.

इथे एक जुनी हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात साउथ कॅरोलायनात स्टोनो नावाच्या ठिकाणी जमीन खणताना अशाच प्रचंड दाढा मिळाल्या. गोरे मळेवाले त्यांना राक्षसाचे दात समजत होते. खणणारे लोक आफ्रिकेतून गुलाम म्हणून पकडून आणलेले होते. त्यांनी पाहताक्षणी सांगितलं की या हत्तीच्या दाढा आहेत. मार्क केट्सबी या निसर्ग अभ्यासकाने ही गोष्ट लिहून ठेवली आणि त्या माणसांचं म्हणणं बरोबर असल्याचंही नोंदवलं. मॅमथ हा आजच्या हत्तींहून वेगळा प्राणी आहे हे फ्रान्सच्या जॉर्ज क्युव्हिए यांनी १७९६ साली पद्धतशीर मांडलं. त्याच्या कितीतरी आधी कुळ बरोबर ओळखणारी ही माणसं होती. त्यांनी हत्ती पाहिला होता, एवढंच त्यांचं शास्त्र, आणि ते पुरेसं होतं.

कुळ कळल्यावर जात ठरवायची. हॉट स्प्रिंग्जला दोन प्रकारचे मॅमथ सापडले. बहुतेक कोलंबियन मॅमथ आहेत. हा उघड्या माळांवरचा, आकाराने फार मोठा. तीन मात्र लोकरी मॅमथ आहेत. हा थंड प्रदेशातला, अंगाने त्यामानाने लहान. दाढेवरच्या त्या आडव्या पट्ट्या मोजल्या आणि त्यांच्या कडांच्या एनॅमलची जाडी पाहिली की फरक कळतो: लोकरी मॅमथच्या शेवटच्या दाढेत पट्ट्या जास्त दाटीने बसलेल्या असतात आणि एनॅमल पातळ असतं. सुळ्याचा नुसता तुकडा हाती असला तरी काम होतं. हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. बाहेरच्या कडेजवळ या रेषांमधला कोन मॅमथमध्ये ९० अंशांहून लहान असतो आणि आजच्या हत्तींमध्ये साधारण ११५ अंशांहून मोठा. हस्तिदंताची तस्करी पकडणारे अधिकारी हीच खूण वापरतात, कारण हत्तीचा दात मॅमथचा म्हणून खपवण्याचा प्रयत्न नेहमी होतो.

पण ‘मॅमथ’ हे नाव मिळालं म्हणजे ओळख पटली असं समजणं ही मोठी चूक आहे. नाव हा ओळखीचा सगळ्यात लहान भाग. एवढे मॅमथ एकाच ठिकाणी का? आजवरची मोजणी ६१ वर गेली आहे. पुराने वाहून आणले म्हणावं, तर हाडं घासलेली नाहीत. माणसांनी मारले म्हणावं, तर हत्यारं नाहीत. उत्तर हाडांत नव्हतंच. ते आजूबाजूच्या मातीत होतं.

या परिसरात वर लाल रंगाचा मऊ शेल, म्हणजे चिखलाचा झालेला थराथरांचा खडक आहे आणि खूप खाली चुनखडकाचे आणि जिप्समच्या जातीतल्या खनिजांचे थर आहेत. ही खनिजं पाण्यात विरघळतात. खालचे थर विरघळत गेले, पोकळी झाली, एक दिवस छप्पर कोसळलं आणि जमिनीला मोठं भगदाड पडलं. त्याच वाटेने खालून कोमट पाणी वर आलं आणि तळं तयार झालं. पाणी सुमारे ३५ अंश सेल्सिअस, म्हणजे जवळजवळ अंगाच्या उबेचं. हिवाळ्यात सगळा माळ गोठलेला असताना या तळ्याच्या काठी हिरवा चारा असणार. मॅमथ आत उतरत. काठ मात्र उभा, आणि लाल शेल ओला झाला की शेवाळलेल्या विहिरीच्या पायरीसारखा निसरडा. उतरलेला प्राणी वर चढू शकत नसे. तो दमून बुडायचा नाहीतर उपासाने मरायचा. तळाशी गाळ साचत होता आणि एकेक सांगाडा त्या गाळात निजत होता.

गाळाच्या बारीक थरांत मॅमथांच्या पावलांनी दाबलेल्या खोलगट जागाही दिसतात. पायाखालचे थर वाकलेले, वरचे सरळ. एखादं जनावर इथे उभं होतं, पाय उचलत होतं, पुन्हा रोवत होतं, हे त्या वाकलेल्या थरांवरून कळतं. हाडं उचलून पेटीत भरली असती तर हे कुणाला कधीच समजलं नसतं.

हळूहळू खड्डा गाळाने पूर्ण भरला, झऱ्याने दुसरी वाट धरली आणि गाळ वाळून घट्ट झाला. भोवतालचा शेल त्याहून मऊ. वारापावसाने शेल झिजत गेला, खड्ड्यातला गाळ तग धरून राहिला. शेवटी भोवतालची जमीन खाली गेली आणि खड्डा वर आला. १९७४ साली जी टेकडी कापायला मशीन लावलं होतं, ती मुळात विहिरीसारखी खोल जागा होती. मला या साऱ्या हकीकतीत सर्वांत जास्त हलवणारी गोष्ट हीच वाटते. आपण टेकडी म्हणून जिच्याकडे बोट दाखवतो ती एका खड्ड्याचा उरलेला ओतीव ठसा असू शकते, आणि तिच्या पोटात बुडालेल्या जनावरांची रांग असू शकते.

पुढचा प्रश्न: बुडाले कोण? हत्तीला आयुष्यात जबड्याच्या प्रत्येक बाजूला एकामागून एक अशा सहा दाढा येतात. मागची दाढ पुढे सरकते, पुढची झिजून तुकड्यातुकड्याने गळते. कुठली दाढ वापरात आहे आणि किती झिजली आहे यावरून वय सांगता येतं. रिचर्ड लॉज यांनी आफ्रिकी हत्तींसाठी ही पद्धत १९६६ साली मांडली, तीच मॅमथला लावली गेली. नर की मादी हे कटीचं हाड सांगतं, कारण मादीच्या कटीची पोकळी पिलाच्या जन्मासाठी रुंद असते. हॉट स्प्रिंग्जच्या ज्या सांगाड्यांची अशी तपासणी झाली ते नर निघाले, आणि बहुतेक नुकते वयात आलेले किंवा भर तरुण.

हत्तींचा कळप आज्यांच्या आणि मावश्यांच्या हुकमतीत चालतो. नर वयात आला की कळप त्याला बाहेर काढतो. मग तो एकटा किंवा दोघातिघांच्या टोळीने भटकतो. कुठलं पाणी चांगलं आणि कुठला काठ वाईट, हे सांगणारी म्हातारी आता सोबत नसते. असा अननुभवी तरुण कोमट पाण्याच्या आणि हिरव्या गवताच्या मोहाने खाली उतरला असेल, तर त्यात नवल नाही. एका दाढेवरून प्राण्याचं नाव कळलं होतं. साठांच्या वर सांगाडे एकाच जागी राहिले म्हणून त्या प्राण्याच्या घरातली रीत कळली.

काळाच्या बाबतीत मात्र पहिलं उत्तर फिरवावं लागलं. हाडांच्या कार्बन कालमापनावरून सुरुवातीला सुमारे २६,००० वर्षं हा आकडा मिळाला आणि बरीच वर्षं तोच सांगितला गेला. कार्बनची पद्धत साधारण ५०,००० वर्षांच्या अलीकडेच चालते, शिवाय हाडातलं मूळ प्रथिन टिकलेलं असावं लागतं. नंतर गाळाच्या कणांनी शेवटचं ऊन कधी पाहिलं हे मोजणाऱ्या पद्धतीने तपासणी झाली आणि वय सुमारे १,४०,००० वर्षांवर गेलं. ही दुसरी तपासणी होऊ शकली याचं कारण माती जागेवर होती. हाडं आतूनही दगड झालेली नाहीत. ती मूळची हाडंच आहेत, आणि म्हणून फार नाजूक आहेत.

या तळ्यात मॅमथ एकटे नव्हते. उंट, लांडगा, कायोटी, उंदराच्या जातीचे प्राणी, मासे, गोगलगायी सापडल्या. १९८३ साली आखूड तोंडाच्या महाकाय अस्वलाची हाडं मिळाली. गोगलगायींसमोर पर्यटक थांबत नाहीत. पाणी किती कोमट आणि किती स्वच्छ होतं हे मात्र अशा बारीकसारीक जीवांवरूनच ताडता येतं.

पहिलं उत्तर चुकू शकतं याचं आणखी एक उदाहरण अमेरिकेतल्याच कोलोरॅडो राज्यातलं आहे. २०१७ साली डेन्व्हरजवळच्या थॉर्नटन शहरात पोलीस आणि अग्निशमन केंद्राची इमारत बांधताना तीन शिंगांच्या डायनासोरची हाडं लागली. सगळीकडे ट्रायसेराटॉप्स म्हणून बातमी झाली. मानेवरच्या हाडाच्या पंख्याचे तुकडे साफ होऊ लागले तेव्हा तो पातळ निघाला आणि त्याला मोठी भोकं असल्याचं दिसलं. ट्रायसेराटॉप्सचा पंखा जाड आणि भरीव असतो. हा होता टोरोसॉरस, कितीतरी दुर्मीळ. बांधकामात लागलेलं सगळंच वाचतं असंही नाही. चीनमधल्या गांझोऊ शहराजवळ शाळेच्या बांधकामासाठी सुरुंग लावताना एक सांगाडा मिळाला: मान वर ताणलेली, पुढचे दोन्ही पाय दोन्ही बाजूंना पसरलेले, चिखलात रुतलेल्या प्राण्याने धडपड करावी तसा. २०१६ साली त्याला टोंगटियानलाँग हे नाव मिळालं. सुरुंगाने सांगाड्याचा काही भाग उडवला होता. हॉट स्प्रिंग्जला मशीन वेळेवर थांबलं, इथे थांबायला अवधीच नव्हता.

आपल्याकडे काय? महाराष्ट्राचा मोठा भाग काळ्या कातळाचा, म्हणजे बेसॉल्टचा, थिजलेल्या लाव्ह्याचा आहे. लाव्ह्यात हाडं सापडत नाहीत. म्हणून पुण्या-साताऱ्याकडच्या साइटवर पोकलेनने गोल दगड काढले आणि कुणी ते डायनासोरची अंडी म्हणून दाखवले, तर बहुधा तो कांद्यासारखे पापुद्रे सुटत जाणारा, कुजलेला बेसॉल्ट असतो. दगडावर नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसली तर ती बहुधा मँगनीजची असते. खऱ्या पानाला मधली शीर आणि ठरावीक कडा असते. खरं हाड मोडलं तर आत मधाच्या पोळ्यासारखी किंवा स्पंजसारखी बारीक जाळी दिसते. जिभेला चिकटतं ते हाड, ही जुन्या लोकांची खूणही ऐकायला मिळते. पण शाडूसारखी मातीही जिभेला चिकटते, त्यामुळे तिच्यावर विसंबू नये.

पण महाराष्ट्र रिकामा आहे असं मात्र कुणी समजू नये. लाव्ह्याच्या दोन लोटांच्या मधे जो निवांत काळ गेला, त्यात तळी होती, आणि त्या तळ्यांचा गाळ दगड होऊन राहिला आहे. मुंबईत वरळीच्या टेकडीपाशी अशा काळ्या थरात अख्ख्या बेडकांचे नाजूक सांगाडे मिळाले. रेल्वेच्या पाहणीसाठी आलेले अभियंता जी. टी. क्लार्क यांच्या मुंबईच्या भूरचनेवरील टिपणाला जोडून, ‘डायनासोर’ हा शब्द रूढ करणारे रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्या बेडकाचं वर्णन छापलं. आज त्या जागेभोवती उंच इमारती उभ्या आहेत. नागपूर परिसरातल्या टाकळीच्या थरांत स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला शंख, बिया आणि इतर जीवाश्म गोळा केले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरची हाडं आणि दगड झालेली विष्ठाही मिळते. आणि हत्तीच्या कुळाचंच बोलायचं तर नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वरला गोदावरीच्या जुन्या गाळात सरळ सुळ्यांच्या प्राचीन हत्तीची कवटी मिळाली होती. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या गाय पिलग्रिम यांनी १९०५ साली तिच्यावर लिहिलं. आज तिथे आपण पक्षी बघायला जातो.

म्हणजे गोदावरी, मांजरा, भीमा यांच्या काठच्या पिवळसर गाळात पाया खणताना, विहीर खणताना, वाळू काढताना असं काही वर येणं अगदी शक्य आहे. आपल्या देवघरातला शाळिग्राम हासुद्धा समुद्रातल्या एका प्राचीन प्राण्याच्या कवचाचा जीवाश्म आहे, तेव्हा दगडात जीव ओळखून तो जपायचं आपल्याला नवं नाही. आपल्याकडे जीवाश्मांना थेट संरक्षण देणाऱ्या केंद्रीय कायद्याचा मसुदा २०२२ साली प्रसिद्ध झाला. पण साइटवरच्या त्या पहिल्या तासात कुठलाही कायदा उभा नसतो. तिथे जेसीबीचा चालक असतो, मुकादम असतो, शेतमालक असतो.

त्या तासासाठी काही गोष्टी कळकळीने सांगतो. मशीन थांबवा. हाड ओढून काढू नका. अर्धं बाहेर आणि अर्धं आत असेल तर तसंच असू द्या. पाण्याने धुऊ नका, फेव्हिकॉल लावू नका. शेजारी पेन किंवा मोजपट्टी ठेवून फोटो घ्या: एक जवळून, एक लांबून, आणि एक असा की ज्यात खड्ड्याच्या भिंतीतले मातीचे थर दिसतील. हा तिसरा फोटो सगळ्यात मोलाचा. वरून किती फुटांवर लागलं ते लिहून ठेवा. मग मोकळी माती परत हलकेच सारा, वर गोणपाट टाका, कारण उघड्या उन्हात जुनं हाड तडकतं. आणि नागपूर किंवा पुण्यातल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला, पुण्याच्या डेक्कन कॉलेजला किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या भूशास्त्राच्या शिक्षकाला कळवा. हॉट स्प्रिंग्जमध्येही सगळ्याची सुरुवात एका जुन्या विद्यार्थ्याने आपल्या शिक्षकाला पाठवलेल्या निरोपाने झाली होती.